तेल कमी करायचंय पण चव घालवायची नाही, शाकाहारी घरात तुम्ही नक्की काय करता?

खान्देशी_पुण्यात

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ निघालं, ट्रायग्लिसराईडही वाढलेत. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही पण तेलकट, गोड, मैदा आवरा, वजन उतरवा आणि रोज चाला. चालणं सुरू केलंय, गोडाचं मला तसंही विशेष नाही, गाडी अडलीय ती तेलापाशी.

आमचं मूळ जळगावकडचं. स्वयंपाकघर आईचं. रस्स्यावर लाल तवंग नसेल तर तिला ती भाजी आजारी माणसासाठी केल्यासारखी वाटते. शेवभाजी, भरीत, पाटवड्यांचा रस्सा, डाळ-बट्टी हे आमचं खाणं. बायकोने व्हिडिओ बघून आठवडाभर उकडलेल्या भाज्या, सूप, सॅलड असं सगळं केलं, तर पोराचा डबा जसाच्या तसा परत यायला लागला आणि बाबा फिरायला जातो सांगून कोपऱ्यावर कचोरी खाऊन आले (आम्हाला दुकानदाराकडूनच कळलं). दोन वेगवेगळे स्वयंपाक करणं शक्य नाही, आम्ही दोघंही नोकरीला आणि आईचंही आता वय झालंय, म्हणजे जे होईल ते पाचही जणांना खाववेल असंच पाहिजे.

अंडं चालत नाही. कांदा लसूण चालतो. किन्वा, ॲव्होकॅडो, ऑलिव्ह ऑईल हे सल्ले हात जोडून नको, आमच्या घरात ते टिकणार नाहीत. मला हवंय ते एवढंच की रस्सा कमी तेलात कसा जमवायचा, सुकी भाजी तेल कमी घातलं की खाली लागते त्याचं काय करायचं, आणि डब्याला काय द्यायचं.

पेठेतली_काकू

आधी एक काम करा, आईंना विचारा महिन्याला घरात तेल किती येतं. "फार नाही हो घालत आम्ही" असं प्रत्येक घरात म्हणतात, आकडा कुणालाच माहीत नसतो. तो कळला की बोलू.

सुक्या भाजीचं मात्र आत्ताच सांगते कारण त्याला काही नवीन लागत नाही, आपल्या आया-आज्या करायच्या तेच, ताटावर पाणी. जाड बुडाची कढई घ्या. चार-पाच माणसांच्या कोबीला किंवा फरसबीला एक छोटा चमचा तेल पुरतं, पण ते पसरट कढईत घातलं की सगळीकडे पांगतं आणि मोहरी तडतडायच्या आधी हळद जळते, म्हणून कढई जरा कलती धरायची, तेल एका बाजूला गोळा होतं, त्या तळ्यात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, शेवटी हळद. मग लगेच भाजी आणि मीठ. मीठ आधीच घालायचं म्हणजे भाजीला स्वतःचं पाणी सुटतं. वर खोलगट ताट ठेवायचं आणि त्या ताटात पेलाभर गार पाणी. आतली वाफ गार ताटाला लागून परत थेंब थेंब भाजीत पडते, त्यामुळे खाली लागत नाही. गॅस बारीक. मधे बघितलंत आणि कोरडी वाटली तर ताटातलंच पाणी, जे एव्हाना कडक तापलेलं असतं, त्याचा हबका मारायचा, गार पाणी घालायचं नाही, भाजी दडदडीत होते. गवार, दोडका, दुधी, पडवळ, तोंडली, लाल भोपळा सगळं असंच होतं. भेंडी तेवढी नाही, तिच्यावर झाकण ठेवलंत की तार सुटणार, तिला उघड्यावर लोखंडी कढईत परतायचं आणि दोन आमसुलं टाकायची.

पीठ पेरलेल्या भाजीला मात्र तेल लागतंच असं सगळे म्हणतात. बेसन आधी कोरडंच, कढईत बदामी रंगावर खमंग भाजून ठेवा. भोपळी मिरची वाफवत आली की ते वरून भुरभुरा, पाण्याचा शिपका, झाकण, पुन्हा एक वाफ. कच्चट लागत नाही, कारण पीठ आधीच भाजलेलं आहे. नाहीतर एरवी ते तेलात भाजायला जातं म्हणून तर पळीपळीने तेल पितं.

सातारी_मिसळ

काकूंना +१. मी रश्श्यावर लिहितो कारण त्यातच आपला जीव आहे.

रस्सा खमंग लागतो तो वाटणामुळे हो, तवंगामुळे नाही, तवंग बघायला छान एवढंच. आणि वाटण तेलात परतायची गरजच नाही, तुमच्याकडे खान्देशात तर कांदा-खोबरं चुलीतच भाजायचे की. दोन मध्यम कांदे सालासकट थेट गॅसवर जाळीवर ठेवा, चिमट्याने फिरवत राहा, वरची साल पूर्ण काळी होऊ द्या. आतून कांदा मऊ आणि गोडसर होतो आणि धुराचा वास धरतो. तोच वास काळ्या रश्श्याला पाहिजे असतो. लसणाचा अख्खा गड्डा तसाच. टोमॅटो पण. सुक्या खोबऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून नुसता विस्तवावर, पण तो बोटभरच घ्यायचा, वाटीभर नाही. धणे, जिरे, तीळ चमचाभर, हे कोरड्या तव्यावर. ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजत टाकून तीही वाटायची, तिखट कमी आणि रंग भरपूर, ताटात तवंगाची उणीव डोळ्याला जाणवत नाही.

आता दाटपणा. खोबरं कमी केलं की रस्सा पातळ होतो, तर तिथे डाळं घाला, पंढरपुरी डाळं, दोन मोठे चमचे वाटणात. फुटाण्यात चरबी अगदी थोडी असते, शंभर ग्रॅमला पाच-सहा ग्रॅमच्या आसपास, आणि सुक्या खोबऱ्यात तीच साठ ग्रॅमच्या वर. बघा काय फरक पडतो.

हे वाटण भांड्यात कोरडंच टाकायचं, पाण्याचा हात लावत लावत परतायचं, सुकलं की पुन्हा दोन चमचे पाणी, असं चार-पाच वेळा, कच्चा वास जाईपर्यंत. घाई केली तर चव नाही येणार हे आधीच सांगतो, इथे तेल वाचतं पण वेळ जातो. मग गरम पाणी, मीठ, काळा मसाला, उकळी. आणि सगळ्यात शेवटी कढल्यात एक चमचा तेल कडक तापवून, गॅस बंद करून त्यात अर्धा चमचा तिखट, की लगेच रश्श्यावर ओतायचं. तेवढ्याने वरती लाल थर येतो, अख्खा नाही पण आईंना दिसेल इतका येतो. तिखट तापलेल्या तेलात जळायला क्षण पुरतो, तेव्हा कढलं पातेल्याच्या तोंडाशीच धरा.

शेवभाजीवर मात्र उपाय नाही. शेवच तळलेली आहे, रस्सा बिनतेलाचा करून काय उपयोग. ती महिन्यातून एकदा खा आणि मजेत खा. त्याऐवजी पाटवड्यांचा रस्सा जास्त वेळा करा, त्या वड्या तर शिजवून थापलेल्याच असतात. पाटवडीचं बेसन शिजवताना लोक तेल ओततात ते टाळलं तरी पुरे.

खान्देशी_पुण्यात

काकू, आईला विचारलं. महिन्याला ७ लिटर शेंगदाणा तेल. दिवाळीचं वेगळं. तीही जरा चपापली ऐकून.

सातारी दादा, हे वाटण आईला वाचून दाखवलं तर म्हणाली "हे तर माझी सासू करायची, गॅस आल्यावर कोण कांदा भाजत बसतंय". म्हणजे गाडी रुळावर आहे म्हणायची.

पेठेतली_काकू

आता हिशोब करू. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅम धरतात, पिशवीवर छापलेलं असतं बघा. ७ लिटर म्हणजे ६३७० ग्रॅम, भागिले पाच माणसं, भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोजचं ४२ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. तुमच्या पाच जणांना त्या हिशोबाने महिन्याला साडेचार लिटरच्या आतच यायला पाहिजे, आणि त्यात तूपही आलं. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे हे वरचे १५ ग्रॅम माणशी रोज १३५ कॅलरी होतात, ज्या कुणाच्या जिभेला कळतही नाहीत.

एकदम साडेचारवर उडी मारू नका. या महिन्यात सहा लिटरच आणायचं, एवढं ठरवा, मग पाच. घरात आलंच नाही की आपोआप हात आखडतो. आणि तेलाच्या बुटलीतून धार धरायची सवय मोडा, बरणीत छोटा चमचा टाकून ठेवा, साधा चहाचा पाच मिलीचा.

पोळ्यांचं पण बघा. घडीच्या पोळीत आत तेल, वर तेल, कणकेत मोहन, पाच माणसांच्या पंधरा-सोळा पोळ्या म्हटलं की भाजीपेक्षा जास्त तेल तिकडेच जातं आणि तिकडे कुणी बघत नाही. एका वेळेला फुलके, एका वेळेला ज्वारी नाहीतर बाजरीची भाकरी करा, भाकरीला तर तेल लागतच नाही. डब्यातले फुलके वातड होतात अशी ओरड असते, त्याला कणीक कोमट पाण्याने सैलसर मळायची, मळताना दोन चमचे दही घालायचं, अर्धा तास झाकून ठेवायची, आणि फुलके गरम असतानाच सुती कापडात गुंडाळायचे. दुपारी नक्की मऊ राहतात.

घाण्याचं_तेल

एवढं कॅलरी मोजत बसण्यापेक्षा रिफाइंड बंद करून लाकडी घाण्याचं वापरा ना, आणि घरचं साजूक तूप. आमचे आजोबा वाटीने तूप प्यायचे, ऐंशीच्या पुढे ठणठणीत होते. आजारपणं सगळी रिफाइंड तेलाने आणली आहेत.

लॅबवाली

घाण्याचं तेल चवीला आणि वासाला सरस असेल, त्यात वाद नाही, मीही आणते. पण चरबी तेवढीच आणि कॅलरीही तेवढ्याच, घाण्यातून काढलं म्हणून ग्रॅमला ९ च्या ४ होत नाहीत. आणि आजोबा दिवसभर शेतात होते, आपण दिवसभर खुर्चीत. तुमच्या मुद्द्यातलं एकच घेण्यासारखं आहे, वास चांगला असेल तर थोडं तेल पुरतं, तेव्हा वरून घालायच्या फोडणीला घाण्याचं वापरावं.

धागाकर्त्यासाठी: मी रोज लोकांचे रिपोर्ट बघते, डॉक्टर नाहीये, तेव्हा औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, फोडणीचं तेल कमी करून लोक खूश होतात आणि न दिसणारी चरबी तशीच चालू राहते. शेंगदाण्याचं कूट हे त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, आणि आपण कोशिंबिरीत मूठभर, भाजीत मूठभर, आमटीत मूठभर, खिचडीत वाटीभर. कूट वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये, पण ते मसाला म्हणून घाला, भाजीचा निम्मा भाग म्हणून नको. भरल्या वांग्यात निम्मं कूट आणि निम्मं डाळ्याचं पीठ केलंत तर कुणाला कळणार नाही. तसंच ओलं-सुकं खोबरं, तीळ. आणि चहासोबत खारी, टोस्ट, बिस्किटं, फरसाण, ते तर घरच्या तेलाच्या हिशोबात येतच नाही. (बाबांची कचोरी पण नाही.)

मग दूध. फुल क्रीमच्या पिशवीत ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. पाच माणसांच्या घरात दोन लिटर दूध येत असेल तर नुसती पिशवी बदलून दिवसाला कितीतरी ग्रॅम जातात आणि स्वयंपाकात काहीच बदलावं लागत नाही. लहान मुलाला हवं तर वेगळं ठेवा. दही टोन्डचं लागतं जरा पातळ, पण फडक्यात तासभर टांगलं की छान घट्ट होतं, कोशिंबिरीला तेच वापरा. पनीर म्हणजे हलकं असं सगळ्यांना वाटतं, तसं ते नाहीये, म्हशीच्या दुधाच्या पनीरमध्ये चरबी भरपूर असते, बटाटेवडा सोडून पनीर बटर मसाला खाणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. त्याऐवजी सोयाबीनच्या वड्या घ्या, त्या तेल काढून घेतलेल्या सोयाच्या पिठाच्या असतात, चरबी अगदी नगण्य आणि प्रथिनं निम्म्याच्या आसपास. फक्त गरम मिठाच्या पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायच्या, नाहीतर त्या वासाने घरातला एकही माणूस खाणार नाही. वर सातारी दादांनी दिलेल्या रश्श्यात त्या फार छान लागतात.

दुसरी, फॅटी लिव्हरला फक्त तेल जबाबदार नसतं, साखर आणि मैदाही तितकेच. तेव्हा तेल तोडून पोट भरायला भात दुप्पट आणि चहात दोन-दोन चमचे साखर असं करू नका. तेल एकदम शून्य पण नको, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शरीरात जायला थोडी चरबी लागतेच.

सावंतवाडीची_सून

माझं माहेर देशावरचं आणि सासर कोकणातलं त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं 🙂

कमी तेलात आंबट फार कामाला येतं. आमसूल, चिंच, ताक, कैरी, लिंबू, यातलं काहीतरी आणि जोडीला गुळाचा खडा असला की तेल कमी आहे हे जिभेच्या लक्षातच येत नाही. सोलकढी हलकी म्हणून लोक ग्लासवर ग्लास पितात पण ती नारळाच्या दुधाची असते, रोजची नको. त्याऐवजी तिवळ करा, आमसुलं तासभर गरम पाण्यात कोळायची, त्यात मीठ, चिमूट साखर, हिरवी मिरची ठेचून, जिऱ्याची पूड, भरपूर कोथिंबीर, संपलं. एक थेंब तेल नाही. कुळथाचं पिठलं पण करून बघा, लसणाची फोडणी आणि आमसूल, बेसनाच्या पिठल्याला जेवढं तेल पाहिजे त्याच्या निम्म्यात चवदार होतं. वरून कच्चं खोबरं घालायचंच असेल तर वाढताना चमचाभर पेरायचं, वाटून आत गेलं की ते कुठे गेलं कळत नाही आणि मग अजून घालावंसं वाटतं.

घावन, आंबोळी, धिरडं यांना बिडाचा तवा घ्या. नवीन असताना चिकटतो, थोडे दिवस धीर धरायचा, मुरला की नॉनस्टिकच्या तोंडात मारेल. माझ्या सासूबाई तव्याला चमच्याने तेल घालतच नाहीत, अर्धा कांदा काट्याला टोचतात, वाटीत चमचाभर तेल असतं त्यात त्याचा कापलेला भाग टेकवून तव्यावर गोल फिरवतात, कांद्याचा चुर्र आवाज आला की पीठ. कांदा संपला की वांग्याचा देठ. तेवढ्या वाटीत घरच्या सगळ्यांची धिरडी होतात आणि तळाला तेल उरतं. हे डब्याला पण चालतं हं, मुगाची डाळ भिजवून आलं-मिरची घालून वाटायची, त्यात किसलेलं गाजर किंवा दुधी, मुलं भाजी ओळखत नाहीत. सोबत दोडक्याच्या शिरांची चटणी, शिरा कोरड्याच खमंग भाजून, लसूण, मिरची, चमचाभर तीळ.

न्यूजर्सी_कर

एअर फ्रायर कुणी लिहिला नाही म्हणून मी लिहितो. कोथिंबीर वडी आणि अळूवडी आधी वाफवायची, गार करून कापायची, ब्रशने किंचित तेल लावून १८० डिग्रीवर दहा-बारा मिनिटं, मधे एकदा उलटायच्या. पूर्ण गार केल्याशिवाय कापू नका, तुकडे पडतात. भेंडीचे काप पण मस्त कुरकुरीत होतात. भज्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका, पातळ पीठ जाळीतून खाली गळतं आणि हाताशी पिठाचे दगड येतात.

पेठेतली_काकू

एअर फ्रायर नसेल तर वडी तव्यावर पण होते हो, बिडाच्या. उगाच यंत्र घ्यायला नको लगेच.

खान्देशी_पुण्यात

काल रात्री सातारी पद्धतीने मटकीची उसळ केली. कांदे मीच भाजले, घरभर वास. बाबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, आई म्हणाली "रंग आहे, तवंग नाही, पण चालेल", हे आमच्याकडे कौतुकच समजायचं. काकूंच्या ताटावरच्या पाण्याने गवार झाली, खाली लागली नाही, फक्त वेळ जास्त लागला, गवार जून होती बहुतेक.

आता दोन शंका. भरीत कसं करायचं? आमच्याकडे भरताला तेलात दाणे आणि खोबऱ्याचे काप तळून घालतात, कांद्याची पातही त्याच तेलात, शेवटी भरताच्या बाजूला तेल सुटलेलं दिसलं पाहिजे. आणि दुसरं म्हणजे आई-बाबांचे उपास, एकादशी, चतुर्थी, सोमवार. साबुदाणा खिचडीत तूपही आणि कूटही.

सातारी_मिसळ

भरताला वांगं तुमच्या जळगावचं घ्या म्हणजे अर्धं काम झालं. ते हिरवट पांढरं मोठं वांगं, भरिताचं म्हणून २०१६ साली त्याला जीआय मानांकन पण मिळालंय. त्यात बिया कमी, गर भरपूर, त्याला स्वतःची चव आहे. विस्तवावर भाजताना सोबत हिरव्या मिरच्या आणि लसूण पण भाजून घ्या, मग सगळं एकत्र लाकडी मुसळाने ठेचा, मिक्सर नको, पाणी सुटून त्याची पेज होते. दाणे तळायच्या ऐवजी भाजलेले मूठभर अर्धवट कुटून घाला. कांद्याची पात कच्चीच बारीक चिरून, गरम भरतात मिसळली की अर्धी शिजते आणि कुरकुरीत राहते. वरून दोन चमचे तेलाची जिऱ्याची फोडणी, पाच माणसांना. तेल सुटलेलं नाही दिसणार हे खरं आहे, पण सोबत कळण्याची भाकरी असली तर तेलाकडे बघायला वेळ कुणाला आहे.

वांग्याच्या फोडी तेलात परतायच्या भाज्या मात्र कमीच करा, वांगं तेल पिऊन टाकतं आणि तरी कोरडंच दिसतं, मग अजून ओतलं जातं.

सावंतवाडीची_सून

उपासाचं मी सांगते. खिचडीच करायची असेल तर साबुदाणा धुऊन, बुडेल न बुडेल इतक्याच पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी दाणा बोटांत दाबला की चपटा व्हायला हवा, मधे पांढरं टोक राहता कामा नये. नीट भिजला असेल तर चिकटत नाही, आणि चिकटत नाही म्हणून तूप कमी लागतं. लोक ओल्या साबुदाण्याचा गोळा सुटा करायला तूप ओततात. कूट निम्मं करा, त्याची जागा किसलेली काकडी भरते, पिळून घ्यायची मात्र. आणि तीही वाफेवरच, ताट ठेवून.

पण खरं सांगू का, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, वर लॅबवाली ताईंनी लिहिलंय तसं तुमच्या बाबतीत तूप वाचवून फार काही साधत नाही. वरईचे तांदूळ, दह्यातली काकडी, राजगिऱ्याची भाकरी, दुधीची जिऱ्यातली भाजी हे जास्त बरं. दाण्याच्या आमटीऐवजी वरईबरोबर ताकाची कढी, बेसनाऐवजी शिंगाड्याचं पीठ लावून. आमच्याकडे आमसुलाचं सार पण करतात उपासाला.

साबुदाणावडा घरच्यांनी मागितला तर आप्पेपात्रात करा, एकेका खळग्यात दोन थेंब तूप, झाकण ठेवून बारीक गॅसवर, दोन्ही बाजूंनी. तळलेल्यासारखा फुलत नाही पण वरून कुरकुरीत होतो. बटाटा जरा जास्त घातला तर वळायला सोपं जातं आणि फुटत नाही.

घाण्याचं_तेल

आप्पेपात्रातला वडा म्हणजे वड्याचा अपमान आहे पण असो. तो दोडक्याच्या शिरांच्या चटणीचा नीट प्रमाण द्या ना ताई, आमच्याकडे शिरा रोज फेकल्या जातात.

सावंतवाडीची_सून

द्या की वड्याची किंमत त्या आप्पेपात्राला, दादा 😀 प्रमाण असं: दोन मोठ्या दोडक्यांच्या शिरा, कोवळ्या असतील तर सालासकट, बारीक चिरून लोखंडी तव्यावर मध्यम गॅसवर कोरड्या भाजायला ठेवायच्या. आधी पाणी सुटतं, ते आटतं, मग हळूहळू कडा तपकिरी होतात, त्यानंतरच अर्धा चमचा तेल. दोन मोठे चमचे तीळ वेगळे भाजून, पाच-सहा लसूण पाकळ्या, चवीला तिखट, मीठ. सगळं गार झाल्यावर जाडसरच कुटायचं. चार दिवस टिकते, फ्रीजमध्ये आठवडा. कडू दोडका निघाला तर मात्र टाकून द्या, आधी एक तुकडा चाखून बघायचा.